प्रतीक्षा क्रमांक तीन

पिंपळवंडीला माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. शेवटची मंगलाष्टका संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि गर्दीतून वाट काढत मामा भटजींपाशी गेले. त्यांच्या हातात कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच होतं.

"महाराज, बारा बावन्न. सतरा मिनिटं जास्ती झाली. पत्रिकेवर मुहूर्ताखाली अधिक-उणे छापाय पायजे व्हतं."

भटजींनी त्यांना वरखाली न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही मुलीकडचे का मुलाकडचे?"

"मी फिजिक्सकडचा," मामा म्हणाले.

ते स्टॉपवॉच त्यांनी तसंच उचलून आणलं होतं असं कुणी समजू नये. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात स्वतःच्या नावावर रीतसर मांडून आणलं होतं. कारणाच्या रकान्यात 'लग्न' असं लिहून सही केली होती.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. जुन्नरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सगळ्यांनाच मामा म्हणायची रीत होती. केमिस्ट्रीत एक मामा, बॉटनीत एक, झूलॉजीत दोन. पण नुसतं 'मामा' म्हटलं की लोक फिजिक्सच्या मामांबद्दलच बोलताहेत हे पेठेतल्या दुकानदारालाही कळायचं. डिंगोऱ्याहून रोज एस.टी.नं यायचे. घरची बागायत भाऊ बघायचे. हे स्वतः बी.एस्सी. झालेले, आणि आमच्यासाठी लंबक टांगणं, भिंगं पुसणं, बॅटऱ्या भरणं अशी कामं वीस-एक वर्षं करत असलेले.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पुण्याला विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश. तो त्यांना मिळाला नाही. का मिळाला नाही ते त्यांच्याखेरीज मला एकट्याला माहीत आहे, आणि इतकी वर्षं मी ते कुणापाशी बोललेलो नाही. तेही सांगणार आहे. पण आधी मामा कसे होते ते सांगतो. तो माणूस आठवला की मला पहिल्यांदा हसूच येतं, आणि बाकीचं नंतर.

कुठलाही आकडा एकटा आला की मामांना तो उघडा वाटायचा. चहावाला म्हणाला, दोन मिनिटांत आणतो, की हे विचारणार, "अधिक-उणे किती?" म्हणजे चूक किती धरायची, इकडे किती, तिकडे किती. दूध एक लिटर, अधिक-उणे किती? मूल सहा वर्षांचं, अधिक-उणे किती? घरी मामी विचारायच्या, भाकरी किती टाकू, तर हे म्हणायचे, "तीन, अधिक-उणे एक." मामी दोनच वाढायच्या. हे ताटाकडे बघत राहिले की म्हणायच्या, "आज उणे हाय."

डिंगोऱ्याची गाडी जुन्नरच्या स्टँडवर नेहमीच उशिरा लागायची. सगळे शिव्या द्यायचे. मामांनी तीन महिने वहीत तिच्या वेळा टिपल्या आणि एक दिवस स्टँडच्या खांबाला चिठ्ठी डकवली: सरासरी एकवीस मिनिटं उशीर, अधिक-उणे नऊ. कंट्रोलरनं ती फाडली. मामांनी दुसरी डकवली. आठवड्याभरात लोक चौकशीच्या खिडकीकडे जायचे सोडून मामांना विचारायला लागले, आणि महिन्याभरानं तो कंट्रोलरच खिडकीतून मान काढून म्हणाला, "मामा, आज किती?"

आता आमच्या प्रॅक्टिकलबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

फिजिक्सच्या प्रयोगात उत्तर आधीच ठाऊक असतं. गुरुत्वाकर्षणाचा आकडा नऊशे ऐंशीच्या आसपास यायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत. मग लंबक हलवत, झोके मोजत दोन तास कोण घालवतो? आम्ही नऊशे अठ्ठ्याहत्तर हे उत्तर शेवटी लिहून ठेवायचो आणि तिथून उलटं गणित करत रीडिंग तयार करायचो. याला आम्ही रीडिंग जुळवणं म्हणायचो. सगळी पोरं जुळवायची. सरांनाही ठाऊक होतं. त्यांनीही त्यांच्या वेळी जुळवलेलंच असणार.

मामा मात्र कधी रागावत नसत ते यावर रागावायचे. रागावायचे म्हणजे ओरडायचे नाहीत. वही हातात घेऊन आकड्यांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "लई सुंदर रीडिंग हाय, राव. लंबकाला दाखवून आणा एकदा. त्याला बी कळू दे तो काय करत व्हता." एवढं झाल्यावर पोरगा मुकाट्यानं परत झोके मोजायला लागायचा.

एकदा त्यांच्या डोक्यात आलं की उंचावर गेल्यावर पृथ्वीची ओढ कमी होते असं पुस्तकात आहे, ते आपण बघू. आम्हा चौघा पोरांना घेऊन ते एस.टी.नं घाटघरला गेले. सोबत लोखंडी गोळा, दोरा, मोजपट्टी आणि रजिस्टरात मांडून आणलेलं स्टॉपवॉच. जागा निवडली ती पार नाणेघाटाच्या तोंडाजवळ. तिथला वारा ज्यानं खाल्लाय त्याला पुढचं सांगायला नको. लंबक पुढं-मागं जायच्याऐवजी गोल फिरायला लागला, मग गाईच्या शेपटासारखा कसाही. भातखाचरातून वर आलेली एक म्हातारी डोक्यावरचा भारा उतरवून बघत बसली.

"काय वजन करता, पावणं?" तिनं विचारलं.

"पिरथमीची वढ मोजतो, आजी."

"मंग किती भरली?"

मामांनी कागदावर हिशेब करून प्रामाणिकपणे सांगितलं, "हजार बारा. अधिक-उणे चाळीस."

म्हातारीनं वाऱ्यात फिरणाऱ्या गोळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चाळीस इकडं का तिकडं त्ये ठावं न्हाई, तर मोजलं काय?" आणि भारा उचलून चालू लागली.

आम्ही हसून हसून लोळलो. परतताना गाडीत आमच्यातला एक जण म्हणाला, मामा, नऊशे सत्त्याहत्तर लिहू, कुणाला कळतंय. मामांनी वहीत हजार बाराच लिहिलं. वर मला सांगितलं, "खाली लिव, वारा व्हता. आजी काय म्हणली ते बी लिव. बराबर म्हणली ती." ते पान मी लिहिलंय, माझ्याच अक्षरात आहे.

दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी मामा पुण्याला जाऊन विद्यापीठाची माहितीपुस्तिका आणायचे. पातळ, खाकी कव्हरची, एम.एस्सी.च्या प्रवेशाचे नियम असलेली. मग आठवडाभर प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाच्या पोरांची शाळा भरायची. बी.एस्सी.ला फिजिक्स मुख्य विषय, दुसऱ्या वर्षापर्यंत गणित सक्तीचं, एवढे टक्के किमान, वर प्रवेश परीक्षा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, मधे वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येक कागदाच्या सत्यप्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आमच्या ओळखीत असा अधिकारी एकच, जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. मामा पोरांना रांगेनं तिकडे न्यायचे. डॉक्टर आधी बैल बघायचे, मग म्हशी, मग आमच्या गुणपत्रिका. "जनावरं लबाडी करत न्हाईत, म्हणून त्यांचा नंबर आधी," मामा सांगायचे.

इतके नियम पाठ असलेला माणूस स्वतः का जात नाही, हे मी एकदा विचारलं. त्यांनी दुसऱ्या नियमावर बोट ठेवलं. गणित. त्यांनी गणिताऐवजी बॉटनी घेतलं होतं. कारण त्यांच्या वेळी गणिताचा तास साडेतीनला सुरू व्हायचा आणि डिंगोऱ्याची दिवसातली शेवटची गाडी तीन चाळीसला सुटायची.

"दहा मिनिटांत त्या सरांचं फळा पुसून बी व्हायचं न्हाई," ते म्हणाले. "आन् गाडी तवा येळेवर सुटायची, राव. तेवढंच वंगाळ झालं."

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी ठरवलं. वय त्रेचाळीस. प्राचार्यांकडून परवानगी काढली, फक्त गणिताचे पेपर देण्यासाठी नाव नोंदवलं आणि जून महिन्यात आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले. गणिताचे सर त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. हजेरी घेताना सर मामांच्या नावापाशी अडखळले आणि शेवटी "मामा?" असंच म्हणाले. सगळा वर्ग म्हणाला, "हजर!"

मामा अत्यंत वाईट विद्यार्थी होते. प्रश्न थांबायचेच नाहीत. सरांनी फळ्यावर एक उत्तर काढलं की यांचा हात वर. "सर, अधिक-उणे?" सरांनी पाच-सहा वेळा सोसलं, मग खडू खाली ठेवून शांतपणे सांगितलं की मामा, गणितात अधिक-उणे नसतं. असतं ते नेमकं असतं.

मामा खाली बसले. तास संपला. बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "मंग त्याच्यावर इस्वास कसा ठेवायचा, राव?"

दोन वर्षं आम्ही प्रयोगशाळेतल्या टेबलावर समोरासमोर बसून अभ्यास केला. गणित मी शिकवायचो, प्रयोग ते शिकवायचे. पहिल्या खेपेला एका पेपरात गेले, दुसऱ्या खेपेला सुटले. निकाल कळला त्या दिवशी स्टँडवर कंट्रोलरनं त्यांना गाडीत पुढची जागा धरून दिली. मामी म्हणाल्या, "जाऊ द्या पुण्याला. तितं तरी यांना एकदा बराबर उत्तर सापडतंय का बगू."

त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून एम.एस्सी.चे अर्ज भरले. बैल, म्हशी, आम्ही.

माझी गत अशी होती की वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. प्रवेश मिळाला तर शिक, नाही तर टोमॅटोचा टेम्पो आहेच. मला टेम्पोची लाज नव्हती, पण त्या टेबलावर दोन वर्षांत मला फिजिक्सची गोडी लागली होती. ती लावली कुणी, हे वेगळं सांगायला नको.

प्रवेश परीक्षेला आम्ही एकाच गाडीनं गेलो, एकाच फडक्यातली भाकरी आणि ठेचा खाल्ला. निकाल लागला तेव्हा दोघांचीही नावं मुख्य यादीत नव्हती. प्रतीक्षा यादीत होती. क्रमांक तीन मामा. क्रमांक चार मी.

"बाकावर बसलो तसंच हाय की," मामा म्हणाले. आनंदात होते.

मग असं ठरलं की मी भोसरीला चुलतभावाकडे राहायचं, रोज विद्यापीठात जाऊन बोर्ड बघायचा आणि काही लागलं की कॉलेजच्या ऑफिसात फोन करायचा. मामांनी फोन नंबर मला स्वतः लिहून दिला, खाली ऑफिसची वेळ, अधिक-उणे दहा मिनिटं.

आठ दिवसांत यादीतल्या पहिल्या दोघांना जागा मिळाल्या. त्यानंतर एका मंगळवारी बोर्डावर नवी नोटीस लागली. एक जागा रिकामी झाली आहे. प्रतीक्षा यादीतल्या उमेदवारांनी गुरुवारी सकाळी अकराला मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावं. पुकारा क्रमानं होईल. गैरहजर उमेदवाराचा हक्क संपेल.

मी नोटीस तीनदा वाचली. मग बाहेर एस.टी.डी. बूथवर गेलो आणि जुन्नरचा नंबर फिरवला. फोन लागला. पलीकडून आमचे हेडक्लार्क म्हणाले, हॅलो. पुन्हा म्हणाले, हॅलो, कोण बोलतंय?

मी फोन ठेवला.

बूथवाल्यानं विचारलं, लागला का? मी म्हटलं, नाही लागला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी ठरवून काही केलं नाही, हातून झालं. आता सांगतो, ठरवूनच केलं. बुधवारचा अख्खा दिवस माझ्याकडे होता. बूथ चौकाचौकात होते. मी भावाच्या खोलीवर बसून कागदपत्रं क्रमानं लावली.

गुरुवारी कारकुनानं तीन नंबरचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायला तो दाराबाहेर व्हरांड्यात गेला, तेव्हा जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. मी तिकडे बघितलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायचं धाडस मला आजही नाही. शिपाई होता, पाण्याचा जग घेऊन येत होता. मग कारकून आत आला आणि चार नंबर म्हणाला. मी उभा राहिलो.

शनिवारी प्रयोगशाळेत जाऊन मामांना सांगितलं. म्हणालो, नोटीस गुरुवारी सकाळीच लागली, आणि हजर असेल त्याला घेतलं. ते स्पेक्ट्रोमीटर पुसत होते.

"किती वाजता लावली?" त्यांनी विचारलं.

"नऊला."

"अधिक-उणे?"

मला उत्तर देता आलं नाही. एवढा साधा प्रश्न, जो मी हजारदा ऐकला होता. मामांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग फडकं खांद्यावर टाकून कपाटातून त्या वर्षीची खाकी माहितीपुस्तिका काढली. त्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा पानोपानी. "ठेव. पुढल्या पोरांना सांगाय तुला लागंल," म्हणाले. "चारला मिळालं म्हंजी बाक तर आपलाच गेला पुण्याला." आणि हसले. खरंच हसले.

पुढच्या वर्षी ते पुन्हा अर्ज करणार होते. पण त्या वर्षी नियम बदलला, बी.एस्सी.च्या टक्क्यांची किमान अट पंचावन्न झाली. मामांना साडेचोपन्न होते. त्यांनी विद्यापीठाला दोन पानी अर्ज लिहिला की कुठल्याही परीक्षकाच्या तपासणीत अधिक-उणे एक टक्का चूक गृहीत धरणं शास्त्राला धरून आहे, सबब अर्जदार पात्र ठरतो. दोन ओळींचं उत्तर आलं, नियमांत तशी तरतूद नाही. मामांनी ते उत्तर काच लावून लंबकाच्या वर टांगलं. त्यानंतर कुणी प्रॅक्टिकलला उशिरा आला की ते नुसतं वर बोट दाखवायचे, "तरतूद न्हाई." कॉलेजात ती म्हणच पडली. पोरं एकमेकांना सुपारी नाकारतानाही म्हणायची, तरतूद नाही.

हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. मी जुन्नरला जाणं टाळत होतो. एम.एस्सी. झालो, आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात लागलो, लग्न झालं. माझ्या पोरांनी रीडिंग जुळवलं की मी वही हातात घेऊन म्हणायचो, लंबकाला दाखवून आणा. पोरं हसायची. वाक्य माझं आहे असं त्यांना वाटायचं.

सात वर्षांनी प्रॅक्टिकलच्या परीक्षेचा परीक्षक म्हणून मला जुन्नरलाच नेमलं. नाही म्हणायला कारण सापडेना. गेलो. मामांनी दारातच हात जोडले, "या, परीक्षक सायेब." दिवसभर माझ्या मागं-मागं हिंडून पोरांना धीर देत होते, की घाबरू नका, हे बी तुमच्यासारकंच जुळवायचे. परीक्षा आटोपली, पोरं गेली, दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. तेच टेबल. मामा दोरे गुंडाळत होते आणि मी बोलून गेलो. नोटीस मी आधीच पाहिली होती. फोन लागला होता. मी ठेवला.

मामांनी हातातला दोरा पुरता गुंडाळला. गाठ मारली.

"तुला बारावा नियम ठाव न्हाई व्हय?" ते म्हणाले.

मी नकारार्थी मान हलवली.

"नोकरीत असल्याला उमेदवार आसंल तर त्याच दिवशी कार्यमुक्तीचं पत्र लागतं. प्राचार्यांच्या सहीचं. आन् सायेब तवा धा दिस रजेवर व्हते, सही कोण देनार? मी आलो असतो तरी त्या कारकुनानं माघारीच लावला असता. तू फोन करून बी काय झालं नसतं, राव. उगं येवडी वर्सं वझं वाहिलंस."

बारावा नियम. इतक्या सहज म्हणाले, जसे नेहमी म्हणायचे. मला जे हलकं वाटलं ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी डिंगोऱ्याला त्यांच्या घरी जेवलो, मामींच्या हातच्या चार भाकरी खाल्ल्या. घरी परत येताना गाडीत गाणं गुणगुणत होतो.

आता यातली माझी दुसरी चूक सांगतो, आणि ती मला पहिलीपेक्षा लहान वाटत नाही. ती खाकी पुस्तिका पिंपळवंडीच्या घरी माझ्या पत्र्याच्या पेटीत होती. मी फिजिक्सचा मास्तर. कुणी काही सांगितलं तर पडताळून बघ, हेच पोरांना शिकवून मी पगार घेतो. सहा वर्षं मी ती पेटी उघडली नाही. सणाला जायचो, पेटीवर बसून बूट घालायचो.

मग भावानं घरावर स्लॅब टाकायला काढला. सामान हलवताना पेटी उघडावीच लागली. पुस्तिका वरच होती. मी अंगणात विटांच्या ढिगावर बसून नियम वाचले. लाल पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. एक, दोन, गणिताचा, टक्क्यांचा, सत्यप्रतींचा. नोकरीतल्या उमेदवाराबद्दल एक अक्षर नव्हतं. अकरावा नियम वसतिगृहाचा. त्याच्याखाली कुलसचिवांची छापील सही.

बारावा नियम नव्हताच.

ती पुस्तिका मला त्यांनीच दिली होती. माझ्याकडे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घाटघरच्या वाऱ्यात हजार बारा आलं ते हजार बारा लिहिणारा माणूस. आधी उत्तर ठरवून उलटं गणित त्यांनी जन्मात एकदाच केलं, आणि ते उत्तर म्हणजे मला रात्रीची झोप लागावी हे होतं.

दुसऱ्याच दिवशी डिंगोऱ्याला गेलो. मामा तेव्हा निवृत्त झाले होते. अंगणात बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक, शेजारी खुंटीला वही. मला बघून त्यांनी आत आवाज दिला, आणि मामी आतून म्हणाल्या की दोन मिनिटांत चहा आणते. मामांनी अधिक-उणे विचारलं. मामी म्हणाल्या, "दूध तापलं का येईन."

मी पुस्तिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा चढवला, पानं उलटली, आपल्याच खुणा ओळखून खूश झाले. शेवटच्या पानावर थांबले.

"मामा, बारावा नियम नाही."

त्यांनी पान उलटून मागची कोरी बाजू बघितली. पुन्हा सुलटं केलं.

"छापायचा राह्यला असंल," ते म्हणाले.

"अधिक-उणे किती, मामा?"

माझ्या तोंडून हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला होता. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली.

"अधिक-उणे न्हाई त्याला. पक्का हाय त्यो."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. त्यांनी जे केलं होतं ते मला तसंच राहू द्यायचं होतं. पण माझ्याकडे त्यांचं एक रीडिंग बाकी होतं, तेरा वर्षांचं, आणि ते दिल्याशिवाय मला तिथून उठता येईना.

"नोटीस मंगळवारी लागली होती, मामा," मी म्हटलं. "दुपारी बारा वाजता. अधिक-उणे पाच मिनिटं."

मामांनी पुस्तिका मिटली, गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"लई उशिरा दिलंस रीडिंग," ते म्हणाले. "पर खाडाखोड न्हाई."